अख्खं मशीन कशाला बदलायचं?

मंडळी, आजचा लेख जरा चिडून लिहितोय. आधीच सांगून ठेवतो.

२०२५ च्या दिवाळीत गावी, राधानगरीला गेलो होतो. फराळ संपायच्या आत पुतण्यानं विषय काढला. "काका, दुकानदार म्हणतोय मशीन आता भंगारात घाला. बोर्ड, रॅम, प्रोसेसर सगळं नवीन. बेचाळीस हजार." दादा शेजारीच बसला होता. तो एवढंच म्हणाला, "ऊस अजून रानात उभा हाय. बिल कवा येतंय कुणास ठाऊक." पोरगं गप्प झालं.

त्याचं मशीन २०१९ चं. रायझन ३-१२००, बी४५० बोर्ड, आठ-आठच्या दोन डीडीआर४ पट्ट्या आणि जीटीएक्स १६५० कार्ड. व्हॅलोरंट खेळताना ऐन धुमश्चक्रीत अडखळायचं.

दुकानदाराचं म्हणणं असं: १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या! पण त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ खोटा. यादीत नाही तो प्रोसेसर. बोर्डानं आणि रॅमनं काय घोडं मारलंय? चपलेचा अंगठा तुटला तर आपण कोल्हापूरकर तो शिवून घेतो, नवा जोड आणत नाही.

खर्च करण्याआधी दुखणं कुठं आहे ते बघा. फुकटात बघता येतं. गेमचं रिझोल्युशन कमी करा. फ्रेम्स भराभर वाढल्या तर ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय. तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर. आमच्याकडे तेवढ्याच राहिल्या. चार कोअर, चार थ्रेड. दमणारच की.

मग कोल्हापुरातून एका पोराकडनं वापरलेला रायझन ५-५६०० आणला, साडेसहा हजारांत. सहा कोअर, बारा थ्रेड. दोन्ही प्रोसेसर ६५ वॅटचे, त्यामुळं पॉवर सप्लाय तोच, पंखाही तोच. काळजी दोनच ठिकाणी. जुना प्रोसेसर काढण्याआधी बायॉस अपडेट करायचा, कारण जुन्या बायॉसला नवा पाहुणा ओळखू येत नाही. आणि ते चालू असताना लाईट गेली तर बोर्डाचा दगड होऊ शकतो, म्हणून शेजारच्यांचा यूपीएस मागून आणला. दुसरं म्हणजे पंखा सरळ उपसायचा नाही. वाळलेल्या पेस्टमुळं प्रोसेसर त्याच्याबरोबर उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन थोडं तापवायचं, बंद करायचं आणि पंखा हळूच पिळून सोडवायचा. शेवटी बायॉसमध्ये टीपीएम चालू केला, विंडोज ११ घातलं. झालं. अडखळणं थांबलं.

आता मूळ मुद्दा. दुकानदार बिचारा साखळीतला शेवटचा माणूस. ही सवय लावली कंपन्यांनी. इंटेलनं २०१७ मध्ये आठव्या पिढीचे प्रोसेसर काढले. सॉकेट तेच, पिना तेवढ्याच, ११५१. तरी जुन्या बोर्डावर चालणार नाहीत म्हणाले. वीजपुरवठ्याच्या पिनांचं कारण दिलं. हौशी लोकांनी बायॉसमध्ये फेरफार करून काही जुन्या बोर्डांवर ते चालवून दाखवले! एएमडी तरी धुतल्या तांदळाची आहे का? मे २०२० मध्ये त्यांनीही जाहीर केलं होतं, पुढचे प्रोसेसर बी४५० वर चालणार नाहीत. लोक खवळले, तेव्हा त्याच महिन्यात शब्द फिरवला. पुतण्याचं मशीन वाचलं ते त्या आरडाओरड्यामुळं. म्हणून ओरडायला लाजू नका.

कुणी म्हणेल, ही त्या बोर्डाची जवळजवळ शेवटचीच पायरी, पुढं काय? मान्य. तुमचा बोर्ड इंटेलचा आणि २०१६ चा असेल तर माझं गणित लागू नाही, हेही मान्य. पण साडेसहा हजारांत तीन-चार वर्षं मिळाली आणि पस्तीस हजार दादाच्या खिशात राहिले. शिवाय त्यानंतर थोड्याच दिवसांत रॅमच्या किमती कशा भडकल्या ते आपण पाहिलंच. भंगारात निघालेल्या त्या दोन पट्ट्या आता सोन्याच्या वाटतात :)

परत येताना धरणावर थांबलो. शाहू महाराजांनी सुरू केलेलं हे धरण त्यांच्या हयातीत पुरं झालं नाही, पैसा कमी पडला. जेवढं बांधून झालं तेवढ्यावर पाणी अडलं आणि राहिलेलं काम पुढं स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. पाया उखडून नवं धरण बांधा, असं कुणी सुचवलं नाही.

तेव्हा दुकानात जाण्याआधी आपल्या बोर्डाचा नंबर वाचा. बेचाळीस हजारांचा आकडा त्यानंतर ऐका.

असो. चहा गार झाला.