१४२८५७ : चमत्कार नव्हे, भागाकार

१४२८५७ ला २ ने गुणले की २८५७१४ येतात, ३ ने गुणले की ४२८५७१. ६ पर्यंत कशानेही गुणा, तेच सहा अंक त्याच क्रमाने फेर धरतात; ७ ने गुणले की मात्र ९९९९९९. अशी संख्या ‘चमत्कारिक’ म्हणून मोबाइलवर फिरते, लोक थक्क होतात आणि पुढे सरकतात. थक्क होण्यात गैर काहीच नाही. पण तिथेच थांबलो तर गणित हातातून निसटते. मुलांना चमत्कार दाखवायचा तर त्याच तासाला त्याचे कारणही दाखवले पाहिजे.

आणि हे कारण साध्या भागाकारात आहे. १ ला ७ ने भागत जा : १० मध्ये ७ एकदा, बाकी ३; ३० ला ४ चा भाग, बाकी २; मग ६, ४, ५ आणि पुन्हा १. १ ते ६ ही प्रत्येक बाकी एकेकदा येऊन गेली, म्हणून भागाकारातले सहा अंकही पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. दोन सप्तमांश काढताना आपण याच वर्तुळात २ या बाकीपाशी शिरतो, एवढेच. १३ ने भागले तर बाक्यांची दोन वेगळी वर्तुळे पडतात; १७ ने भागले तर सोळाही बाक्या एकाच वर्तुळात येतात. १७ सारख्या मूळ संख्या अनंत आहेत का? आहेत, असे सुचवणारे एमिल आर्टिन यांचे १९२७ चे अनुमान आजही सिद्ध झालेले नाही.

जी. एच. हार्डी यांचा अशा अंकखेळांवर आक्षेप होता. ८७१२ ही संख्या तिचेच अंक उलटून येणाऱ्या २१७८ च्या चौपट आहे. असली तथ्ये कोड्यांच्या सदरात शोभतात, त्यांत गणितज्ञाला ओढ वाटावी असे काही नाही, असे त्यांनी १९४० च्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’त मांडले. आक्षेपात तथ्य आहे. हे अंक दहाच्या पद्धतीमुळे दिसतात. आठच्या पद्धतीत एक सप्तमांश लिहिला तर नुसते १११... येतात. पण तसे का होते? ८ ला ७ ने भागले की बाकी १ च उरते, म्हणून. पद्धत बदलली की अंकांचा खेळ बदलतो, बाक्यांचा नियम मात्र दोन्हीकडे तोच राहतो.

देवळालीतले शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांनी संख्यांचे केलेले वर्गही याच दृष्टीने पाहावेत. १४२८५७ च्या अंकांची बेरीज २७ आणि २७ ने तिला पूर्ण भाग जातो, म्हणून ती ‘हर्षद’. तिचा वर्ग २०४०८१२२४४९; त्याचे दोन तुकडे केले तर २०४०८ + १२२४४९ = १४२८५७, म्हणून ती ‘कापरेकर संख्या’. आता तिच्यातून १ वजा करून ७ ने भागा : २०४०८. वर्गातला पहिला तुकडा हाच. म्हणजे ही किमयाही त्या ७ चीच. यासाठी नवा अभ्यासक्रम नको. भागाकार शिकवतानाच बाक्या फळ्याच्या एका बाजूला मांडाव्यात आणि वर्तुळ मुलांनी स्वतः शोधावे. ज्याने ते एकदा शोधले, त्याला पुढचा चमत्कार दिसला की तो आधी भागाकार मांडायला घेईल.