खोलीचे तापमान, पण कोणाच्या खोलीचे?

रात्रीचा भात सकाळी खाल्ला तर चालतो का? हा प्रश्न एखाद्या महिला पुरवणीत पाककृतींच्या शेजारी शोभेल, चळवळीच्या दैनिकात त्याचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. परंतु या देशात कोणी ताजे खायचे आणि कोणी शिळे खायचे हे शेकडो वर्षे जातीने ठरवले आहे. म्हणून शिळ्या अन्नाचा प्रश्न हा केवळ स्वयंपाकघराचा प्रश्न नाही. तो पोटाचा आहे, मानाचा आहे, आणि आज तो आपल्या स्वतःच्या कार्यक्रमांचाही प्रश्न झाला आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. १४ एप्रिलचा दिवस होता. आमच्या वस्तीतील तरुणांनी रात्रभर जागून मसालेभात केला. पहाटे पाचच्या सुमारास भात तयार झाला आणि गरमागरम असतानाच प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून, गाठी मारून, पोत्यांत रचला गेला. मिरवणूक निघायला उशीर झाला. भाताच्या पिशव्या वाटल्या गेल्या त्या दुपारी दोननंतर. ऊन असे की डांबर पायाला चिकटावे. संध्याकाळपर्यंत वस्तीतील पाच-सहा लेकरांना उलट्या सुरू झाल्या. लगेच कुजबूज झाली की कोणीतरी भातात काहीतरी कालवले. कोणी म्हणाले, समोरच्या आळीतील लोकांचे हे काम. सुदैवाने लेकरे सुधारली आणि भांडण पेटले नाही. पण त्या रात्री एकाही माणसाने घड्याळाकडे पाहिले नाही. पहाटे पाच ते दुपारी दोन म्हणजे नऊ तास. भातात कोणी काही कालवण्याची गरजच नव्हती. आम्ही नऊ तास दिले होते, बाकीचे काम जिवाणूंनी केले असणार.

विज्ञान काय सांगते ते नीट समजून घेऊ. बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू मातीत असतो आणि धान्याबरोबर घरात येतो. भात शिजताना जिवाणू मरतो, पण त्याचे बीजाणू कवच घालून बसतात, ते उकळीलाही दाद देत नाहीत. भात कोमट झाला की ते जागे होतात, वाढतात आणि भातात विष सोडतात. दुसरा जिवाणू स्टॅफिलोकोकस. तो माणसाच्या नाकात, कातडीवर, बोटाच्या पिकलेल्या जखमेत असतो आणि वाढणाऱ्याच्या हातून अन्नात उतरतो. तिसरा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. मटण किंवा वरण मोठ्या पातेल्यात तासन् तास कोमट राहिले की तो माजतो. पाच अंशांच्या खाली हे जिवाणू जवळजवळ थंडावतात, साठ अंशांच्या वर वाढू शकत नाहीत. मधला पट्टा धोक्याचा. अनुकूल उबेत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात असे धरले, तर सहा तासांत एकाचे अडीच लाखांवर होतात. गणित कोणीही करून पाहावे.

आता आपल्याकडील तीन पक्के समज पाहू.

पहिला समज असा की वास आला नाही म्हणजे अन्न चांगले. अन्नाला आंबूस वास आणणारे जिवाणू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे बहुधा वेगळे. अन्नात विष असूनही वास, रंग, चव जशीच्या तशी राहू शकते. शाळेत जेवण वाढण्यापूर्वी शिक्षक चव घेतात, ती पद्धत चांगलीच आहे, पण जिभेला हे विष कळत नाही.

दुसरा समज असा की पुन्हा एक उकळी आणली की झाले. उकळीने जिवंत जिवाणू मरतात, हे खरे. परंतु बॅसिलसचे उलटी करणारे विष आणि स्टॅफिलोकोकसचे विष उकळूनही नष्ट होत नाही. २००८ साली ब्रुसेल्समधील वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने पाच दिवस स्वयंपाकघरात तसेच राहिलेले शेवयांसारखे पास्ता गरम करून खाल्ले. अर्ध्या तासात त्याचे डोके व पोट दुखू लागले, आणि पहाटेपर्यंत तो मरण पावला. ही घटना २०११ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली. असे मरण विरळ आहे, प्रत्येक शिळा घास जीव घेत नाही. पण गरम केले म्हणजे शुद्ध झाले, हा समज किती पोकळ आहे हे त्यातून दिसते.

तिसरा समज सर्वांत जुना. आम्ही जन्मभर शिळे खाल्ले, आम्हाला काय झाले? ज्यांना झाले ते हे सांगायला उरले नाहीत. गावकुसाबाहेर हगवणीने गेलेली लेकरे कोणाच्या खात्यावर मांडली गेली? नजर लागली, करणी झाली, देवी कोपली, अशा नावांखाली ती पुरली गेली. त्यांच्यातील किती शिळ्या-उष्ट्याची बळी होती, याचा हिशेब कोणीही ठेवला नाही.

तरीही सगळेच शिळे एका मापाने मोजता येत नाही. ज्वारीची भाकरी कोरडी असते, तिच्यात पाणी कमी म्हणून ती रात्रभर टिकते. आंबील आंबट असते, त्या आंबटपणात घातक जिवाणूंना वाढणे जड जाते. मांस उन्हात कडकडीत वाळवून त्याच्या चान्या करून ठेवणारी आपली आजी प्रयोगशाळेत गेली नव्हती, पण पाणी काढून घेतले की अन्न टिकते हे तिला माहीत होते. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकात दलितांच्या या खाद्यसंस्कृतीची नोंद केली आहे. वाळवणे, आंबवणे, खारवणे हे आपल्या लोकांनी उपासमारीशी झुंजताना कमावलेले ज्ञान आहे. ओला भात, वरण, मटणाचा रस्सा, बटाट्याची भाजी, खव्याची मिठाई, दूध यांना मात्र ते लागू होत नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. अमेरिकेचे कृषी खाते म्हणते, हवा बत्तीस अंशांच्या वर असेल तर एकच तास. आता प्रश्न असा की खोलीचे तापमान म्हणजे कोणाच्या खोलीचे? युरोपातील खोली वीस-बावीस अंशांची. मलबार हिलवरची खोली वातानुकूलित यंत्राच्या कृपेने चोवीस अंशांची. आणि चंद्रपूर, नागपूर, अकोल्याच्या वस्तीत पत्र्याखालची खोली? एप्रिल-मे महिन्यांत तेथे बाहेरच चाळीस अंशांच्या वर पारा जातो, पत्र्याखाली तर भट्टीच. म्हणजे दोन तासांची सवलतसुद्धा आपल्या वाट्याला येत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील शंभरांपैकी चाळीस घरांतही फ्रिज आढळला नाही. उरलेले अन्न फ्रिजमध्ये ठेवा, हा सल्ला देणारा सल्लागार कोणाशी बोलतो आहे? जिवाणू जात पाहत नाही, हे खरे. पण जिवाणूला वाढायला ऊब लागते, आणि ती ऊब कोणाच्या घरात किती हे आपल्या समाजरचनेने ठरवून ठेवले आहे.

याच प्रश्नाची दुसरी बाजू उष्ट्याची. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राला उष्टे अन्न आणि जुनी वस्त्रे द्यावीत असे सांगितले आहे. हा ग्रंथ बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळण्यात आला. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडा, उष्ट्या-शिळ्या तुकड्यांवर जगणे सोडा, असे आपल्या लोकांना निक्षून सांगितले होते. ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या १९९७ सालच्या ‘जूठन’ या आत्मकथनात त्यांच्या आईने लग्नातील उष्ट्याची टोपली तेथेच उधळून दिल्याचा प्रसंग आहे. ती आई आणि महाडची परिषद एकच गोष्ट सांगत होती. बाबासाहेबांचा मुद्दा स्वाभिमानाचा होता. आज विज्ञान त्याला आरोग्याचे प्रमाण जोडते, इतकेच.

परंतु उष्टे गेले का? त्याने नाव बदलले. घरकाम करणाऱ्या बाईच्या हातात तीन दिवसांची भाजी ठेवून मालकीण म्हणते, टाकून देण्यापेक्षा तू ने. ती भाजी लोकलमधून दीड-दोन तास प्रवास करून वस्तीत येते आणि लेकरांच्या ताटात पडते. लग्नाच्या हॉलमध्ये संध्याकाळी सातला मांडलेले पदार्थ रात्री बारापर्यंत उघडे असतात, मग गाडीत भरून झोपडपट्टीत येतात. वाटणाऱ्या तरुणांच्या मनात करुणा असते, यात शंका नाही. त्यांच्यातील काही जण वेळेची व तापमानाची काळजीही घेतात. त्यांना नावे ठेवण्याचा हेतू नाही. पण करुणेने जिवाणू मरत नाहीत. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१९ साली अतिरिक्त अन्न गोळा करून वाटण्यासंबंधी स्वतंत्र नियम केले. देणारा आणि वाटणारा, दोघांवरही अन्न सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी टाकली. हे नियम वस्तीत किती जणांना ठाऊक आहेत? दारात गाडी आली तर अन्न केव्हा शिजले, कसे ठेवले, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. दान घेणाऱ्याने प्रश्न विचारू नये, ही मनुवादी शिकवण आहे, संविधानाची नव्हे.

खरा मुद्दा हा की भुकेला उत्तर उरलेले अन्न नाही, हक्काचे अन्न आहे. २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा धान्याला हक्क मानतो. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शाळांत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. २० एप्रिल २००४ रोजी स्वयंपाकी नेमताना दलित व आदिवासींना प्राधान्य द्यावे असेही सांगितले. या आदेशाचे काय झाले? डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात दलित भोजनमातेने शिजवलेले जेवण सवर्ण मुलांनी नाकारले आणि तिला कामावरून दूर करण्यात आले. या मानसिकतेचा उफराटा न्याय पाहा. दलिताच्या हातचे ताजे, वाफाळते अन्न यांना विटाळ वाटते, आणि स्वतःच्या ताटातील शिळे दलिताच्या पोटाला चालेल असे वाटते. सोवळे म्हणजे स्वच्छता नव्हे. साबणाने धुतलेला हात, झाकलेले भांडे आणि घड्याळाकडे असलेले लक्ष म्हणजे स्वच्छता, मग तो हात कोणत्याही जातीचा असो.

आता आपल्या घरात डोकावू. जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर या दिवशी लाखो अनुयायी येतात आणि शेकडो मंडळे भोजनदान करतात. दूरवरून आलेली म्हातारी, कडेवर लेकरू घेतलेली माय त्या एका पाकिटावर दिवस काढते. ते पाकीट आपण किती तास आधी भरले, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील सोमठाणा गावी धार्मिक कार्यक्रमातील प्रसाद खाऊन शेकडो लोक आजारी पडले आणि रुग्णालयाबाहेर दोरीला सलाईन टांगून उपचार करावे लागले. सामुदायिक जेवणात एक चूक झाली की ती शेकडो पोटांत जाते, आणि ग्रामीण आरोग्यव्यवस्था तेव्हा किती तोकडी पडते, हे त्या दोरीने दाखवले. तशी वेळ आपल्या कार्यक्रमावर येऊ नये.

उपाय फार खर्चाचे नाहीत. रात्री शिजवून दुपारी वाटू नये. वाटपाच्या वेळेपासून मागे मोजून चूल पेटवावी. एकदाच डोंगराएवढा भात करण्यापेक्षा तीन-चार घाण्यांत करावा आणि गरम असतानाच वाढावा. गरम भात पिशवीत बांधून पोत्यात रचू नये, तो आतल्या आत तासन् तास कोमट राहतो. आधी पाकिटे भरणे भागच असेल तर चिवडा, फुटाणे, शेंगदाण्याचे लाडू, बिस्किटे, केळी द्यावीत. ज्याला जुलाब किंवा हाताला पिकलेली जखम आहे, त्याने त्या दिवशी रांग सांभाळावी, पातेले नव्हे. शिजल्याची वेळ खडूने पातेल्यावर लिहावी. दोन तास उलटले, उन्हाळ्यात एक तास उलटला, की उरलेले अन्न वाटू नये, मग मन कितीही हळहळो. घरी फ्रिज नसेल तर भात एका वेळेपुरताच टाकावा. उरलाच तर लेकराला, गरोदर बाईला आणि आजाऱ्याला तरी देऊ नये.

अन्न फेकताना आपल्या माणसाचा हात थरथरतो, कारण त्या हाताने भूक पाहिली आहे. त्या थरथरीचा मान राखूनच हे लिहिले. महापरिनिर्वाण सुत्तात चुंदाच्या घरचे शेवटचे भोजन झाल्यावर तथागतांनी उरलेले सूकरमद्दव खड्ड्यात पुरायला सांगितल्याचा उल्लेख आहे. ते दुसऱ्या कोणाला वाढू दिले नाही. पुरण्याजोगे अन्न दुसऱ्याच्या ताटात जाता कामा नये, एवढे तरी आपण त्यातून घेऊ शकतो.

महाडच्या संगराचे शताब्दी वर्ष २०२७ हे आहे. शंभर वर्षांपूर्वी आपल्या आजा-पणज्यांनी दुसऱ्याचे शिळे नाकारले. आपले स्वतःचे शिळे आपल्याच बांधवांना वाढायचे नाही, एवढी शिस्त आपण पाळू शकत नाही काय? येत्या १४ एप्रिलला मंडळाच्या बैठकीत वर्गणीचा आणि मिरवणुकीचा हिशेब होईल, तेव्हा आणखी एक प्रश्न विचारला जावा. भात किती वाजता शिजणार आणि किती वाजता वाढणार?

जय भीम.