धूर कुणाच्या छातीत जातो?
फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने कुदळवाडीतील हजारो पत्राशेड व भंगाराची गोदामे पाडली. त्यासाठी वायुप्रदूषणाचेही कारण दिले गेले. आपल्या अनेक भावांची रोजी गेली. त्यांच्या पुनर्वसनाची मागणी आम्ही रास्तच मानतो. पण तांब्यासाठी वायर जाळली, की तो धूर आधी शेजारच्या खोलीतल्या आपल्याच लेकरांच्या छातीत जातो. त्यातले सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर शिरतात. दम्याच्या रुग्णाला झटका येऊ शकतो. वायर यंत्राने सोलता येते. उघड्यावर कचरा जाळण्यास नियमांनुसार बंदीच आहे. चाकणच्या कारखान्यांच्या धुराचा हिशेब आपण जरूर मागू. पण गल्लीतली आग आपणच विझवू. वाटेतली इजा दूर करणे हा ईमानचा भाग आहे. धूर ही इजाच नव्हे काय?