रांगेचा न्याय

गोल्फ हा धनिकांचा खेळ, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे आणि ती निराधार नाही. आपल्या देशातील या खेळाची बहुतेक मैदाने सभासदांपुरत्या क्लबांच्या, लष्करी छावण्यांच्या किंवा बड्या गृहसंकुलांच्या कुंपणाआड आहेत. त्यामुळे गोल्फच्या मैदानाच्या निमित्ताने सामाजिक न्यायाची चर्चा करावी, हे वाचकांना चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. परंतु न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेस, लाँग आयलंडवर, बेथपेज येथे 'ब्लॅक' या नावाचे जे मैदान आहे, ते अशा चर्चेस सर्वथा पात्र आहे. सार्वजनिक मालकीची वस्तू सर्वोत्कृष्ट असू शकते काय, आणि असल्यास तिचे वाटप कोणत्या तत्त्वाने व्हावे, या दोन जुन्या प्रश्नांना तेथे एक व्यावहारिक उत्तर मिळालेले आहे.

हे मैदान राज्य सरकारच्या उद्यानाचा भाग आहे. त्याचा जन्म महामंदीच्या काळातला. १९३० नंतरच्या दशकात लक्षावधी अमेरिकन कामगार बेकार झाले, तेव्हा रूझवेल्ट सरकारने मदतकामे काढली. रस्ते, शाळा, पूल यांच्या जोडीला उद्यानेही उभी राहिली. बेथपेजची भूमी अशाच बेकार हातांनी घडविली आणि १९३६ साली 'ब्लॅक' मैदान खुले झाले. ए. डब्ल्यू. टिलिंगहास्ट या नामांकित रचनाकाराचा सल्ला त्यासाठी घेण्यात आला होता. त्या काळी या योजनांची 'पाने गोळा करण्याचे काम' म्हणून यथेच्छ टवाळी होत असे. आपल्याकडे रोजगार हमीच्या कामांवर जी टीका झाली, तिच्याशी तिचे साम्य लक्षणीय आहे. मदतकामातून निर्माण होणारी मत्ता निकृष्टच असणार, हे या टीकेचे गृहीतकृत्य. बेथपेजने ते नव्वद वर्षे खोटे पाडले आहे. २००२ साली अमेरिकेची राष्ट्रीय खुली स्पर्धा येथे भरली. सरकारी मालकीच्या आणि सरकारनेच चालविलेल्या मैदानावर ती भरण्याची ही पहिलीच वेळ. त्या चार दिवसांत जगातील अव्वल खेळाडूंपैकी एकटे टायगर वूड्स काय ते 'पार'पेक्षा कमी फटक्यांत खेळू शकले. २००९ साली तीच स्पर्धा येथे पुन्हा झाली.

आता हौशी खेळाडूचा येथील दिवस कसा जातो ते पाहू. खरे तर तो दिवस आदल्या रात्रीच सुरू होतो. खेळाच्या वेळा आगाऊ नोंदविता येतात, पण काही वेळा प्रत्यक्ष येणाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या असतात. त्यासाठी वाहनतळावर क्रमांक घातलेल्या जागा आहेत. शाळामास्तर, नळकारागीर, कारकून, वकील अशी सर्व तऱ्हेची माणसे संध्याकाळीच तेथे गाडी लावतात आणि गाडीतच झोपतात. पहाटे कर्मचारी येऊन क्रमाने मनगटी पट्टे वाटतात. पहिल्या फटक्याच्या जागेजवळ एक फलक आहे. हे मैदान अत्यंत कठीण असून केवळ निष्णात खेळाडूंनीच येथे खेळावे, असा इशारा त्यावर दिलेला आहे. त्या फलकाशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घ्यावयाचे आणि इशारा बाजूस सारून पुढे जावयाचे, हा तेथील शिरस्ता.

पुढचे पाच-सहा तास कष्टाचे असतात. विद्युत्‌गाडीची सोय या मैदानावर नाही. अठराही होल पायीच पालथे घालावे लागतात. चौथ्या होलवर वाळूचा प्रचंड खड्डा संपूर्ण वाट अडवून बसलेला आहे. पंधराव्याची हिरवळ उंच चढावर आहे आणि तोवर पाय थकलेले असतात. चेंडू वाटेच्या जरा बाहेर गेला की दाट गवतात रुततो. पट्टीचे खेळाडू सत्तरच्या आसपास फटक्यांत जे पुरे करतात, त्याला सामान्य हौशी खेळाडूस शंभराहून अधिक लागले तर त्यात नवल नाही. तरीही तो माणूस समाधानाने परततो. ज्या वाळूत व्यावसायिक खेळाडूंचे चेंडू रुतले, त्याच वाळूतून आपणही चेंडू बाहेर काढला, हे ते समाधान आहे. त्याच्यासाठी मैदान सोपे केलेले नाही. त्याला लहान लेखून दुय्यम दर्जाचे काही दिलेले नाही.

माझ्या मते महत्त्वाचा मुद्दा येथेच आहे. 'सार्वजनिक' या शब्दाचे गोल्फमध्ये दोन अर्थ रूढ आहेत. कॅलिफोर्नियातील पेबल बीच हे मैदानही जनतेस खुले आहे. पण ते खाजगी मालकीचे असून एका फेरीस सहाशे डॉलरांहून अधिक शुल्क पडते. दार उघडे आहे, उंबरठा मात्र पैशाचा आहे. बेथपेजला राज्यातील रहिवाशास वर्षानुवर्षे शंभर डॉलरच्या आत खेळता आले. मागणी इतकी असताना शुल्क चौपट करा, रांग आपोआप नाहीशी होईल, असे बाजारवादी अर्थशास्त्रज्ञ सांगेल. त्याचे म्हणणे खरेच आहे. रांग नाहीशी होईल, आणि रांगेतला नळकारागीरही नाहीसा होईल.

रांगेतही विषमता असते, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. ज्याच्याजवळ गाडी आहे, ज्याला रात्र बाहेर काढणे शक्य आहे, त्यालाच ती लाभते. लहान मुलांच्या आईला ती लाभत नाही. शिवाय जेथे किंमत कमी ठेवली जाते तेथे दलाल उगवतो. लॉस एंजेलिस शहराच्या मैदानांवरील वेळा दलाल आगाऊ अडवून चढ्या भावाने विकत असल्याचे २०२४ साली उघडकीस आले आणि महापालिकेस नोंदणीसाठी परत न मिळणारी अनामत ठेवावी लागली. यावरून निघणारा निष्कर्ष इतकाच की, रांगेला राखणदार लागतो. राखणदार नाही म्हणून रांगच मोडून लिलाव पुकारावा, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

सार्वजनिक मालकीचा आणखी एक गुण इतिहासाने दाखविला आहे. अटलांटा शहराच्या मैदानावर कृष्णवर्णीयांना खेळू देत नसत. होम्स कुटुंबीयांनी न्यायालयात दाद मागितली आणि १९५५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन तो अडसर दूर केला. त्याच जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा नॅशनल या खाजगी क्लबाने पहिला कृष्णवर्णीय सभासद घेतला तो १९९० साली, आणि स्त्रियांना सभासदत्व दिले ते २०१२ साली. जे मैदान शहराचे होते तेथे नागरिकाला हक्क सांगता आला. जे क्लबाचे होते तेथे क्लबाच्या मर्जीची वाट पाहावी लागली.

अर्थात सरकारी मालकी म्हणजे कायमची हमी नव्हे. २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिका आणि युरोप यांच्यातील रायडर चषकाचे सामने बेथपेजवर झाले, तेव्हा एका दिवसाच्या तिकिटास सुमारे साडेसातशे डॉलर मोजावे लागले. ज्यांच्या करांतून हे मैदान राखले जाते, त्यांतील अनेकांना त्या दिवसांत आपल्याच उद्यानाबाहेर राहावे लागले असणार. अशा उत्सवांतून उत्पन्न मिळते आणि लौकिक वाढतो, हे मान्य. परंतु उत्सवाचा दर हळूहळू रोजचा दर होऊ लागतो, हा धोका डोळ्यांआड करता येणार नाही.

आपल्याकडे दिल्लीत विकास प्राधिकरणाने कुतुबजवळ आणि सिडकोने खारघरला गोल्फची मैदाने उभारली आहेत. शुल्क भरणाऱ्या कोणासही ती खुली आहेत. पण प्रश्न गोल्फपुरता नाही. सरकारी शाळा, सरकारी दवाखाना, पालिकेचे मैदान ही गरिबांसाठी म्हणून जेमतेम बरी असली तरी चालतात, ही वृत्ती आपल्या राज्यकर्त्यांत आणि सुशिक्षितांतही खोल मुरलेली आहे. सधनांनी त्यांकडे पाठ फिरवावी, मग त्यांचा दर्जा ढासळावा आणि शेवटी तो दर्जाच खाजगीकरणाचे समर्थन ठरावा, हे चक्र आपण अनेकदा पाहिले आहे. ते उलट फिरवावयाचे तर सार्वजनिक संस्था इतक्या उत्तम कराव्या लागतील की वकिलालाही नळकारागिराच्या मागे रांगेत उभे राहावेसे वाटेल. पुढच्या वेळी पालिकेच्या एखाद्या मैदानाचा ताबा देखभालीच्या नावाखाली खाजगी संस्थेकडे सोपविण्याचा ठराव येईल, तेव्हा ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्यांना एवढेच विचारावे: देखभाल सुधारल्यावर तेथे खेळणार कोण?