जुना ट्रॅक्टर कामाला जुंपून पारखावा

कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांचे गाळप थांबले की ऊस वाहतूक उरकलेले जुने ट्रॅक्टर विक्रीला निघतात आणि एक-दोन एकरांचा शेतकरी आपल्या आवाक्यातला लहान ट्रॅक्टर शोधू लागतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे. एवढ्या रानासाठी नव्या ट्रॅक्टरचे हप्ते अनेकांना पेलत नाहीत, म्हणून जुन्याकडे वळणे हा हिशेबी निर्णय असतो. पण पुढे हिशेब सुटतो. व्यवहार ठरतो तो रंगावर, टायरच्या नक्षीवर, कंपनीच्या नावावर आणि ‘एका हाताने वापरलाय’ या शब्दावर. या गोष्टी ट्रॅक्टरची खरी स्थिती सांगत नाहीत. ती कळते त्याने आजवर काय काम केले यावरून आणि ओझ्याखाली तो आज कसा वागतो यावरून. म्हणून जुना ट्रॅक्टर अंगणात उभा करून नव्हे, रानात जुंपूनच घ्यावा, आणि तशी पारख करून देणारी सोय प्रत्येक तालुक्यात उभी राहावी.

जुनेपणा हा स्वतःहून दोष नाही. फरिदाबादहून १९५९ मध्ये बाहेर पडलेला आयशर, दुर्गापूरच्या संशोधन संस्थेतील आराखड्यावर उभा राहिलेला आणि १९७४ मध्ये आलेला स्वराज ७२४, एचएमटीचा २५११, महिंद्राचा बी-२७५ किंवा मॅसीचा १०३५ या जातीच्या यंत्रांची रचना साधी. संगणक नाही, सेन्सर नाहीत. गावचा मिस्त्री ती खोलू शकतो आणि जोडूही शकतो. कोल्हापूरला याचा विशेष फायदा आहे. शिवाजी उद्यमनगरातली लेथ आणि बोअरिंगची दुकाने, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्री यांमुळे इथे मोडलेला भाग नव्याने घडवता येतो. तरी प्रत्येक मॉडेलचे सुटे भाग सारख्या सहजतेने मिळत नाहीत. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. अशा मॉडेलला हात घालण्यापूर्वी क्लच प्लेट, लिफ्टचा पंप आणि गिअर आज कुठे व किती रुपयांना मिळतात, याची चौकशी आधी व्हावी. तसेच टायरच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंतचे माप घ्यावे. चार-साडेचार फुटी सरीत बाळबांधणी करायची असेल, तर पस्तीस अश्वशक्तीचा दणकट जुना ट्रॅक्टर कितीही चांगला असला तरी तिथे निरुपयोगी ठरतो.

पूर्वीचे काम ओळखायला तासांचे मीटर पुरत नाही. ते अनेकदा बंद असते किंवा बदललेले असते. त्यापेक्षा ट्रॉली जोडायचा मागचा हूक पाहावा. भोक गोल न राहता लांबट झाले असेल, भोवती वेल्डिंगचे थर असतील, तर त्या ट्रॅक्टरने बहुधा उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या ओढल्या आहेत. अशा वाहतुकीत क्लच, ब्रेक, डिफरन्शिअल आणि पुढचा ॲक्सल शेतकामापेक्षा कितीतरी जास्त झिजतात. पुढची चाके जॅकवर उचलून हाताने हलवली की किंगपिन आणि बेअरिंगमधली ढिलाई लगेच कळते. दुसरी खूण पुराची. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत शिरोळ, करवीर, हातकणंगले तालुक्यांत गावेच्या गावे पाण्याखाली गेली. पाण्यात राहिलेले यंत्र धुऊन-रंगवून नवे दिसते. पण सेल्फच्या आत, डॅशबोर्डच्या मागे, दिव्यांच्या काचेत आणि क्लच हाउसिंगच्या तळाशी गाळ उरतो. गिअरचे ऑइल दुधाळ दिसले, तर पाणी आत गेलेच आहे.

यानंतर खरी परीक्षा. सकाळी जाऊन आधी इंजिनावर हात ठेवावा. ते गरम असेल तर कोणीतरी आधीच चालू करून ठेवले आहे. थंड इंजिन कसे उठते ते पाहावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर सुटतच राहिला तर दोष डिझेल पंपात, नोझलमध्ये किंवा तुंबलेल्या एअर क्लीनरमध्ये असू शकतो. ऑइल भरायचे झाकण काढल्यावर वाफारा जोराने येत असेल, तर रिंग आणि लायनर संपत आले आहेत. मात्र जाड ऑइल घालून निळा धूर आणि वाफारा थोडा वेळ लपवता येतात. म्हणून नांगर किंवा रोटर जोडून, काळ्या रानात तासभर काम करून पाहणे अटळ आहे. इंजिन पुरते तापल्यावर मंद गतीत ऑइलचे प्रेशर टिकते का, ओढताना गिअर सुटतो का, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का, हे तेव्हाच कळते. अवजार वर उचलून इंजिन बंद करावे. ते झरझर खाली आले, तर लिफ्टची गळती आहे. शेवटी गरम इंजिन पुन्हा चालू करून पाहावे. या तासाभरातून दुरुस्तीची यादी निघते आणि तिचा खर्च मागितलेल्या किमतीतून वजा केल्यावरच खरी किंमत कळते.

कागदांची पारखही याच हिशेबाचा भाग आहे. ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे ती दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. आरसी बुकवर बँकेचा बोजा असेल, तर तो उतरवल्याचा ३५ क्रमांकाचा फॉर्म हवा. हस्तांतरासाठी २९ आणि ३० क्रमांकाचे. निपाणी-चिकोडीकडून आलेल्या ट्रॅक्टरला कर्नाटकातील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. चासीवर ठोकलेला क्रमांक कागदाशी जुळवल्याशिवाय इसार देऊ नये.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: ‘माणूस ओळखीचा आहे, पाहुण्यातला आहे, त्याच्यावर संशय कसा घ्यायचा?’ पण बेअरिंगची झीज खुद्द मालकालाही दिसत नाही. तपासणी यंत्राची असते, माणसाच्या सचोटीची नव्हे. उलट दोष आधीच कळले तर नंतरचा वाद आणि तुटणारे नाते वाचते. दुसरा आक्षेप असा की विकणारा तासभर नांगरू देणार नाही. डिझेल आणि मिस्त्रीची मजुरी घेणाऱ्याने द्यावी, तरीही नकार आला तर किंमत त्या प्रमाणात खाली यावी किंवा व्यवहार सोडावा. विकणाऱ्याचेही हित स्वच्छ व्यवहारातच आहे. हस्तांतर न करता विकलेल्या वाहनाला अपघात झाल्यास नोंदणीकृत मालकच जबाबदार ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, शासनाचे अनुदानही नव्या यंत्रालाच मिळते; मग जुना का घ्यावा? जुन्याची किंमत, दुरुस्ती, टायर आणि कागद यांची बेरीज नव्याच्या जवळ जात असेल, तर नवाच घ्यावा. रान फारच थोडे असेल, तर भाड्याने काम करून घेणे त्याहून शहाणपणाचे. पण ही तुलना करायलाही दुरुस्तीचा आकडा हातात लागतो, आणि तो तपासणीशिवाय मिळत नाही.

हा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकणे मात्र अन्यायाचे आहे. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात फसव्या ट्रॅक्टरांनी पोळलेल्या शेतकऱ्यांसाठी विल्मॉट क्रोझियर या शेतकरी आमदाराने १९१९ मध्ये कायदा करून घेतला आणि विद्यापीठात चाचणी झाल्याखेरीज नवे मॉडेल विकण्यास बंदी आली. आपल्याकडे नव्या ट्रॅक्टरांची शक्ती, ओढ आणि उचल मध्य प्रदेशातील बुदनीच्या केंद्रीय संस्थेत मोजली जाते. जुना ट्रॅक्टर घेणाऱ्या लहान शेतकऱ्याला मात्र असा एकही कागद मिळत नाही, आणि फसल्यावर सावरण्याची ताकद त्याच्याकडेच सर्वांत कमी असते. कोल्हापुरात ही उणीव भरून काढण्यासाठी नवी संस्था लागत नाही. साखर कारखान्यांकडे वाहनतळ आणि फिटर आहेत, तालुक्यांत आयटीआय आहेत, कणेरी आणि तळसंदे इथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. गाळप बंद असलेल्या महिन्यांत ठरावीक दिवशी, माफक शुल्कात, ठरलेल्या नमुन्यात तपासणी करून सही-शिक्क्याचा अहवाल द्यावा. त्यात ऑइलचे प्रेशर, लिफ्टची स्थिती, पुराच्या खुणा, चासी क्रमांक आणि दुरुस्तीचा अंदाजे खर्च एवढे असले तरी पुरे. सभासदांच्या उसावर उभ्या राहिलेल्या सहकाराने त्याच सभासदांसाठी हे काम येत्या उन्हाळ्यापासून हाती घ्यावे.