काच घासणारा रसेल पोर्टर

दुर्बीण घ्यायची म्हटलं की आपण आधी किंमत बघतो, मग ईएमआय. मला मात्र रसेल पोर्टर आठवतो. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातलं स्प्रिंगफील्ड हे कारखान्यांचं गाव. तिथे १९२० साली त्याने दुर्बीण बनवायचा वर्ग काढला. १५ पुरुष आणि एक बाई. बहुतेक सगळे कारखान्यातले कामगार!

कृती ऐकायला सोपी. काचेच्या दोन चकत्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. घासत राहिलं की वरची काच खोलगट होते, खालची फुगीर. मग पॉलिश, आणि दिवा नि ब्लेड घेऊन तपासणी. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान चूक त्यात दिसते.

१९२५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'ने या मंडळींबद्दल छापलं आणि हा छंद देशभर पसरला. १९२८ मध्ये पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीच्या कामासाठी पोर्टरलाच बोलावणं आलं.

विकत घेण्यात काही कमीपणा नाही. पण माझ्या मते पोर्टरचं मोठेपण आरशात नाही, शिकवण्यात आहे. आपण आयटीवाले दुसऱ्यांनी लिहिलेला ओपन सोर्स कोड रोज फुकट वापरतो. मग आपल्याला येतं ते कुणाला शिकवायला एखादा शनिवार द्यायला काय हरकत आहे?