मुकादम गप्प बसला की

एलएसडी घेतलं की मेंदू म्हणे शंभर टक्के चालायला लागतो. गोव्यातल्या हणजुण्याच्या पार्टीहून परतलेली मंडळी हे इतक्या ठामपणे सांगतात की वाद घालायची सोय नसते. स्कॅनरमध्ये दिसलं ते जवळपास उलटं. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या रॉबिन कारहार्ट-हॅरिस यांच्या गटानं निरोगी स्वयंसेवकांना शिरेतून सायलोसायबिन दिलं. काही जातींच्या अळंब्यांमध्ये असतं ते, एलएसडीसारखेच भास घडवणारं. मेंदूतला रक्तप्रवाह कुठेच वाढला नाही. मध्यभागातल्या काही केंद्रांत तो घटला, आणि ज्यांचा जास्त घटला त्यांचा अनुभव अधिक तीव्र होता. ‘मी कोण, काल काय झालं, उद्या काय’ ही जुळवाजुळव करणाऱ्या जाळ्याची ही केंद्रं. मुकादम गप्प बसला की मजूर आपसांत बोलू लागतात, तसे एरवी अंतर राखून असणारे मेंदूचे भाग मग एकमेकांशी जोडले जातात.

हे सुरू होतं मेंदूत निरोप पोचवणाऱ्या सेरोटोनिन या रसायनाच्या एका ग्राहीपासून. झुरिकच्या फ्रान्झ फोलेनवायडर यांनी १९९८मध्येच दाखवलं, की ती ग्राही केटॅन्सेरिन या औषधानं आधी अडवली तर सायलोसायबिनचे भास होत नाहीत. इतका स्वच्छ पुरावा मेंदूविज्ञानात क्वचित मिळतो.

घोळ आहे तो पुढे, उपचारांच्या दाव्यांत. ‘मेंदू रीसेट होतो’ हे वाक्य मला तरी जाहिरातीचं वाटतं. २०२१मध्ये नैराश्याच्या ५९ रुग्णांवर सायलोसायबिन आणि एस्सिटालोप्रॅम ही रोजची साधी गोळी यांची तुलना झाली. सहा आठवड्यांनी मुख्य मोजमापात लक्षणीय फरक निघाला नाही. काही दुय्यम मोजमापं सायलोसायबिनच्या बाजूची होती, पण या चाचण्यांची मूळची अडचण अशी की भिंती हलताना दिसल्यावर आपल्याला खरं औषध मिळालं की नाही, हे रुग्णाला विचारावं लागत नाही. मग सुधारणा औषधाची किती, आशेची किती? संशोधकांनी आधी हे सोडवावं, मथळे नंतर.

आणि ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी एक तपशील. या चाचण्यांत साधारणपणे स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकाला स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाला घेतच नाहीत. बाकीच्यांसोबतही प्रशिक्षित माणसं तासन्‌तास बसून असतात. पार्टीत एलएसडीचा कागदी तुकडा हातावर ठेवणारा, तुमच्या घरात कुणाला काय झालं होतं, हे विचारत नाही.